मास्तरांना कोण शिकवतं? परीक्षेच्या पलीकडची दोनशे वर्षं

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि राज्यभरच्या शिक्षकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप पेटले. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची, असा तो निकाल. अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा तेवढा मोठ्या खंडपीठाकडे गेला. तेव्हापासून दोन बाजू भांडतायत. एक म्हणते, "परीक्षा पास होता येत नाही तर पोरांना काय शिकवणार?" दुसरी म्हणते, "वीस वर्षं शिकवलं, आता आमची परीक्षा कसली घेता?"

दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. पण मंडळी, हे सगळं भांडण दारावरचं आहे. आत कोणाला सोडायचं आणि कोणाला नाही, एवढ्यापुरतं. आत गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पन्नास पोरांसमोर उभं राहून काय करायचं हे कोण दाखवणार, यावर कोणीच बोलत नाही. आणि अशी नवी माणसं आज थोडीथोडकी नाहीत. शिक्षण सेवक आहेत, तासिका तत्त्वावरचे आहेत, कंत्राटी आहेत, संस्थांचे स्वयंसेवक आहेत, गल्लीत शिकवणी घेणारी बारावी झालेली ताई आहे. यांची तयारी कोणी करायची?

हा प्रश्न नवा नाही. आपल्याच मातीत तो दोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा आला आणि त्याची उत्तरंही मिळाली. ती आपण विसरलो, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

मोठा पोरगा धाकट्याला शिकवतो

सुरुवात गावठी शाळेपासून करू. पंतोजी एक, पोरं वीस-पंचवीस. पंतोजींना प्रत्येकाकडे बघायला वेळ कुठला? मग ज्याला बाराखडी येते तो ज्याला येत नाही त्याची धुळाक्षरं गिरवून घेणार. मोठा पोरगा पाढे म्हणणार, बाकीचे मागून म्हणणार.

अशी पद्धत दक्षिणेतही होती. मद्रासच्या लष्करी अनाथालयाचा प्रमुख अँड्र्यू बेल याने ती बघितली. १७८९ नंतरच्या काळात त्याने मोठ्या पोरांना धाकट्यांवर नेमून शाळा चालवली आणि १७९७ मध्ये इंग्लंडात त्याबद्दल पुस्तिका छापली. तिकडे ती "मद्रास पद्धत" म्हणून गाजली. लँकेस्टर नावाच्या दुसऱ्या एकाने लंडनमध्ये साधारण तसाच प्रयोग केला. एकच मास्तर आणि शेकडो पोरं! सरकारांना स्वस्तात शाळा मिळाली, त्यामुळे पद्धत जगभर पसरली.

तिच्यात एक गोष्ट खरी होती. शिकवायला पंडितच लागतो असं नाही, थोडं पुढे गेलेलं माणूसही शिकवू शकतं. पण उणीवही मोठी होती. त्या पोराला स्वतःला जेवढं येतं तेवढंच तो देणार. समोरच्याला का जमत नाही, हे त्याला कळणार नाही. मग काय, घोकंपट्टी. माणूस स्वस्तात उभा करता येतो, पण त्याची तयारी फुकटात होत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

मुंबईत हे लवकर लक्षात आलं. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी हे पुढे ज्या संस्थेचं नाव झालं, तिने मराठी आणि गुजराती शाळांसाठी माणसं तयार करायला घेतली आणि १८२६ मध्ये २४ जण शिकवून बाहेर पाठवले. पुढे १८४५ मध्ये शिक्षक घडवण्याचा "नॉर्मल क्लास" निघाला, तो बाळशास्त्री जांभेकरांकडे सोपवला गेला. "दर्पण"कार म्हणून आपण त्यांना ओळखतो. शिक्षकांचा शिक्षक ही त्यांची ओळख मागेच राहिली. वर्षभरात, १८४६ मध्ये ते गेले.

शेणाची गोष्ट सांगतो, तयारीची सांगत नाही

सावित्रीबाईंची गोष्ट महाराष्ट्रात लहान पोरालाही पाठ आहे. शाळेत जाताना लोक शेण-चिखल मारायचे, म्हणून पिशवीत दुसरं लुगडं असायचं. गोष्ट मोठीच आहे. पण दर ३ जानेवारीला आपण तेवढीच सांगतो आणि थांबतो.

त्या वर्गात उभ्या कशा राहिल्या, हेही सांगायला हवं. लग्न झालं तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जोतीरावांनी घरी शिकवलं. पुढचं शिक्षण सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या मित्रांनी दिलं. नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे धडे घेतल्याचं चरित्रकार नोंदवतात. १८४८ मध्ये भिडेवाड्यात शाळा निघाली तेव्हा धाडसाच्या मागे ही सगळी तयारी होती.

त्या तयारीचं फळ बघायचं तर मुक्ता साळवे बघा. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये "ज्ञानोदय"मध्ये तिचा निबंध छापून आला. आपल्या समाजाचं दुःख तिने धर्मालाच सवाल करत मांडलं. घोकंपट्टी करणाऱ्या वर्गातून असं लिहिणारी मुलगी निघत नाही. तिला कोणीतरी विचार करायला शिकवलं होतं.

हंटर आयोगापुढे जोतीराव काय म्हणाले

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोग आला तेव्हा जोतीरावांनी निवेदन दिलं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी त्याची आठवण काढली जाते. पण त्यात शिक्षकांबद्दल जे आहे, ते आजच्या प्रत्येक शिक्षणमंत्र्याने वाचावं असं आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. एक, प्राथमिक शाळांचे शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि होता होईल तो शेतकरी समाजातून घ्यावेत. कारण असा माणूस लोकांत मिसळतो, त्यांच्या गरजा ओळखतो. वेळ पडली तर नांगर धरायला त्याला लाज वाटू नये. दोन, पगार नीट द्या. १२ रुपयांहून कमी नको, मोठ्या गावात १५-२० तरी हवेत. तीन, तपासणीची पद्धत कुचकामी आहे. डेप्युटी साहेब वर्षातून एकदा येऊन जातो, त्याने काही साधत नाही. निदान दर तीन महिन्यांनी कोणीतरी शाळेत जावं आणि मधेअधे न कळवताही जावं.

माणूस मुलांच्या जवळचा हवा, त्याला शिकवण्याचं शिक्षण हवं आणि पोटाला पुरेसं हवं. शिवाय वर्गात कोणीतरी वारंवार डोकावायला हवं. १४० हून जास्त वर्षं झाली. यातली एखादी गोष्ट सुटली की बाकीच्याही पांगळ्या होतात, हे पुढचा इतिहास सांगतो.

कुरणातली शाळा

आता पालघरकडे येऊ, तेव्हाचा ठाणे जिल्हा. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आदिवासी पाड्यांच्या अगदी जवळ.

मुलं शाळेत येत नव्हती, तर शाळा मुलांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथला, १९७५ नंतर तो देशभर गेला. मोठी मुलं गुरं राखायला जायची, तर शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांचीच साधनं झाली.

या कामाला माणसं लागणार होती. पदवीधर मिळणार कुठून? मग थोडं शिकलेल्या बायकांना हाताशी धरून बालसेविका घडवल्या. बालवाड्या चालवणं आणि बालसेविका घडवणं ही दोन्ही कामं कोसबाडला शेजारी शेजारी चालली. सकाळी फळ्यावर ऐकलेलं खरं आहे का, ते समोरच्या मुलांत बघता यायचं. खुद्द अनुताई आधी शिक्षिका होत्याच, पण बालवाडीचं काम त्या ताराबाईंच्या सोबतीने करत करत शिकल्या. ती सोबत १९७३ मध्ये ताराबाई जाईपर्यंत टिकली. मग अनुताईंनी ते काम १९९२ पर्यंत, स्वतःच्या अखेरपर्यंत नेलं.

बालसखी: दोन आठवडे आणि मग रोज

आता आपल्या काळातलं उदाहरण, जे जगभर अभ्यासलं गेलं आणि ज्याच्याबद्दल महाराष्ट्रातच कमी बोललं जातं.

१९९० च्या दशकात मुंबईत "प्रथम" संस्था उभी राहिली. महापालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीत बसलेली, पण पहिलीचंही वाचता न येणारी मुलं ढिगाने होती. १९९८ च्या सुमारास तिथे बालसखी कार्यक्रम सुरू झाला. त्याच वस्तीतली, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुण मुलगी बालसखी व्हायची. मागे पडलेली १५-२० मुलं ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची. मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. शिकवायचं काय, तर पहिली-दुसरीतच यायला हवं होतं तेवढंच. अक्षरं, शब्द, साधं वाचन, आकडे, बेरीज-वजाबाकी.

प्रशिक्षण किती? वर्षाच्या सुरुवातीला दोन आठवडे. बास? नाही. वर्ष चालू असतानाही ते चालूच राहायचं. या "चालूच राहायचं"मध्ये सगळी गोम आहे.

पुढे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात याची रीतसर पाहणी केली. काही शाळांत बालसखी तिसरीला, काहींत चौथीला, चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखी. १५,००० हून जास्त मुलं त्यात होती. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. मुलांचे गुण ठळकपणे वाढले, दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाच्या दुप्पट. सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागे असलेल्यांना झाला. खर्च एका मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण शंभर रुपये. बॅनर्जी-डुफ्लो यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, त्यामागच्या कामांत हे एक.

पण त्या पाहणीतल्या आणखी दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात.

पहिली. मागची १५-२० मुलं बालसखीकडे गेली की मूळ वर्ग तेवढा लहान व्हायचा. मग वर्गात उरलेल्या मुलांचं भलं झालं असेल ना? तर नाही. त्यांच्यात फरक दिसला नाही. नुसती पटसंख्या कमी करून भागत नाही. मुलाला नेमकं जिथे अडतं तिथून शिकवलं, तर फरक पडतो.

दुसरी. बालसखी सरासरी वर्षभरच टिकायच्या. लग्न व्हायचं, दुसरी नोकरी मिळायची. तरी कार्यक्रम चालला. म्हणजे तो दोन-चार झपाटलेल्या मुलींच्या जोरावर उभा नव्हता. नवी मुलगी आली की तिला उभं करण्याची रीत पक्की होती, म्हणून उभा होता.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. बालसखी सुटल्यावर वर्षभराने मोजलं, तेव्हा कमावलेल्यातलं बरंच ओसरलं होतं. मुलगा पुन्हा जुन्याच वर्गात, जुन्याच पुस्तकापुढे बसला, तर दुसरं काय होणार?

सरकारी शिक्षकाला का जमत नाही?

मग विचार झाला, हेच सरकारी शिक्षकाला शिकवू. बिहारमध्ये नुसतं साहित्य दिलं, काही झालं नाही. साहित्य आणि प्रशिक्षण दिलं, तरी फारसं हाती लागलं नाही. कारण प्रशिक्षणाहून परतलेला शिक्षक पुन्हा अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत अडकायचा. त्याला दोष देऊन उपयोग नाही. वरून त्याला विचारलं जात होतं, "धडा कितवा झाला?" "किती पोरं वाचायला लागली?" असं विचारणारा कोणी नव्हता.

२०१२-१३ मध्ये हरियाणात ही गाठ सुटली. तिथे दोन बदल केले. रोज एक तास वेगळा काढला. त्या तासात मुलं इयत्तेप्रमाणे बसवायची नाहीत, कोणाला किती येतं त्याप्रमाणे बसवायची. दुसरा बदल माझ्या मते खरा मोलाचा. जे अधिकारी शिक्षकांना मार्गदर्शन करणार होते, त्यांनी आधी स्वतः १५-२० दिवस शाळेत जाऊन त्याच पद्धतीने शिकवून बघितलं. नंतरच ते शिक्षकांकडे गेले. हिंदी वाचनात मुलं पुढे सरकली.

साहेबाने आधी स्वतः खडू हातात घेतला. मग त्याच्या "असं करून बघा"ला वजन आलं.

आपल्याकडे काय आहे?

आता महाराष्ट्राकडे या. आपल्याकडे काहीच नाही असं नाही, उलट बरंच आहे.

२००० मध्ये शिक्षण सेवक योजना आली. नवा शिक्षक तीन वर्षं मानधनावर, मग कायम. प्राथमिकचं मानधन आधी ३,०००, मग ६,०००, आणि २०२३ पासून १६,०००. या तीन वर्षांबद्दल जेवढी चर्चा झाली, ती बहुतेक याच आकड्यांची. व्हायलाच हवी होती, ३,००० रुपयांत संसार होत नाही. पण ही तीन वर्षं नव्या माणसाला घडवायची वर्षं म्हणून आपण कधी बघितली का? सुतारकाम शिकायला गेलेल्या पोरालाही उस्ताद असतो. शिक्षण सेवकाचा उस्ताद कोण?

उत्तर कागदावर आहे. १९९४ मध्ये राज्याने ४,८६० केंद्रप्रमुखांची पदं निर्माण केली. साधारण दहाएक शाळांमागे एक माणूस. शाळांना भेटी द्यायच्या, वर्गात बसायचं, आदर्श पाठ घ्यायचा, शिक्षण परिषदेत अडचणी सोडवायच्या. जोतीरावांनी १८८२ मध्ये मागितलेला वारंवार येणारा माणूस तो हाच! पण आज कोणत्याही शिक्षकाला विचारा, केंद्रप्रमुख कशासाठी फोन करतात? "माहिती पाठवा, लिंक भरा, फोटो टाका, आज चार वाजेपर्यंत." कित्येक केंद्रांत वर्षानुवर्षं पदच रिकामं, एखाद्या मुख्याध्यापकाकडे किंवा शिक्षकाकडे प्रभारी. माणूस वाईट नाही, त्याला टपालाचं काम लावलंय.

आणि दुसरीकडे आपण दारावरचा पहारा वाढवत गेलो. डी.एड.च्या कॉलेजांचं पीक आलं आणि ओसरलंही. २०१३ पासून टीईटी आली. मग टीईटीतच पैसे देऊन पास होण्याचा घोटाळा उघड झाला आणि २०२२ मध्ये ७,८८० उमेदवारांवर कारवाई झाली. प्रमाणपत्रालाच सगळी किंमत दिली की प्रमाणपत्राचा बाजार भरणारच.

परीक्षा नको असं मी म्हणत नाही. ज्याला स्वतःला अपूर्णांक येत नाहीत, त्याने ते शिकवू नयेत. पण चौथीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी का जमत नाही, हे ओळखायला कोणतीही प्रश्नपत्रिका शिकवत नाही. ते त्या मुलाशेजारी बसून कळतं. आणि पहिल्यांदा बसताना, आधी बसलेलं कोणीतरी सोबत लागतं.

मग करायचं काय?

मंत्रालय बदलेल तेव्हा बदलेल. गावात आपण एवढं करू शकतो. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना कायद्याने जागा आहे. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा.

एक, आपल्या शाळेत या वर्षी नवीन आलेल्या शिक्षकाबरोबर पहिल्या महिन्यात वर्गात कोण बसलं?

दोन, तिसरीपासून पुढच्या प्रत्येक मुलाला सलग वाचता येतं का, हे कोणी एकेकाला जवळ बसवून बघितलं का? आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी रोजचा वेगळा तास आहे का?

तीन, केंद्रप्रमुख मागच्या तीन महिन्यांत कितीदा आले आणि त्यातला किती वेळ वर्गात होते, किती वेळ ऑफिसात?

शिक्षकांना अडचणीत आणायला हे विचारू नका. उलट त्यांच्या बाजूने विचारा. एकट्याने लढणाऱ्या नव्या शिक्षकाला सोबत मिळावी म्हणून विचारा. तुमच्या वाडीतली एखादी मुलगी शिकवणी घेत असेल, तर गावातल्या एखाद्या निवृत्त गुरुजींना आठवड्यातून एक दिवस तिच्या वर्गात बसायची विनंती करा. चुका काढायला नको, सोबतीला. याला जीआर लागत नाही.

शिक्षक मंडळींनी जरूर लिहा. नोकरीच्या पहिल्या वर्षी तुम्हाला वर्गात कोणी शिकवलं? मुख्याध्यापक, शेजारच्या वर्गातल्या बाई, की कोणीच नाही? कमेंटमध्ये सांगा. वरच्यांना दाखवायला आपल्याकडे निदान तेवढी नोंद तरी होईल.